बशीतला नाथा

अंगणवाडी, दुपारचे दोन

प्रिय धना,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे धड आहेत. तुझे वडील, म्हणजे आमचे मामा, मेंढरं घेऊन किल्ल्यामागच्या डोंगरावर आहेत, माझ्या संस्कृतीची सर्दी गेली, आणि तुझी आय, म्हणजे आमच्या आत्याबाई, सकाळीच छबुबाईशी नळाच्या पाळीवरून भांडून आल्यात, म्हणजे त्यांची तब्येत उत्तम आहे. हातात मोबाईल असताना ही पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. पण आपलं फोनवरचं बोलणं कसलं असतं ते तुला ठाऊक आहे. आत्याबाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. मेसेज लिहायला घेतला की त्या मांडीला मांडी लावून बसतात आणि विचारतात, "धनीला काय लिवलंस, वाचून दाखीव." त्यांना वाचता येत नाही, एवढीच एक पळवाट देवानं माझ्यासाठी ठेवलीय. म्हणून पोरं खिचडी खाऊन घरी गेली, सुरेखा भांडी घासून गेली, आणि मी वजनकाट्याशेजारी सतरंजीवर बसून तुला लिहितेय. उत्तर पाठवलंस तर ह्याच पत्त्यावर पाठव, घरी पाठवू नकोस.

तुझा मंगळवारचा मेसेज मी इतक्या वेळा वाचला की पाठ झालाय. महिनाअखेरीला नोकरी सोडते, सुकन्या मॅडमना तोंडी सांगितलंय, राजीनाम्याचा कागद तेवढा द्यायचा राहिलाय, गावाकडं येऊन मेंढरं राखीन, निदान तिथं तरी माझ्या हातानं भाऊ मरणार नाही. असं लिहितं का गं कुणी? आणि मेंढरं राखणं म्हणजे तुला काय वाटलं? नववीत असताना अर्धा दिवस तुझ्याकडं मेंढरांचा खांडवा दिला होता तर तीन मेंढरं दुसऱ्याच्या तुरीत घालून तू झाडाखाली विज्ञानाचं पुस्तक वाचत बसली होतीस. मामांनी तेव्हाच सांगितलं होतं, हिला शिकवा, ही मेंढरामागं फिरायच्या लायकीची न्हाई. धना, तो कागद देऊ नकोस. हे मी पत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू माझ्यावर इतकी चिडशील की एवढंसुद्धा ऐकणार नाहीस. निदान पत्र संपेपर्यंत तरी थांब.

कुठून सुरू करू ते कळत नाही. परवा शाळेपुढून जाताना आपल्या दोघींचा वर्गातला बाक आठवला. आठवीत तू मला पहिल्यांदा सांगितलंस की तुझ्या भावाला फिट येते. तोवर वर्गातल्या पोरी कुजबुजायच्या, की अंगात येतं म्हणून, कुणी काय म्हणून. तू सरळ सांगितलंस, मेंदूत एका जागी वीज जास्त होते, म्हणून पडतो. तेव्हापासून तुला वीज कुठं जास्त होते तेच बघायचं होतं. पुढं माझं लग्न ठरायच्या वेळी मामांनी आणि आत्याबाईंनी माझ्या घरी फिटचं काही सांगितलं नाही, आणि तू मात्र सायकल मारत आमच्या वस्तीवर आलीस नि मला म्हणालीस, उज्वे, नाही म्हण, माझा भाऊ आहे पण तू नाही म्हण. मी हो म्हटलं. तुझ्या भावाचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, पत्रात लिहायला काय जातंय, म्हणून लिहिते. नाथा मला आवडला होता. पडला तर उचलीन, एवढाच विचार मी केला. आठ वर्षं उचललाच की. विहिरीच्या काठावरून एकदा, चुलीपुढून दोनदा, आणि माळावर तर किती वेळा त्याचा हिशेबच नाही. तो पडला की मेंढरं चरायचं सोडून त्याच्याभोवती उभी राहायची. लांबून कळप थांबलेला दिसला की मी भाकरी तव्यावर सोडून पळत सुटायचे.

तुला पुण्याला ती नोकरी लागली तेव्हा आत्याबाईंना समजावून सांगताना आपल्या दोघींच्या नाकी नऊ आले होते. तू म्हणालीस, आय, डोक्याचं ऑपरेशन करून मेंदूतला जो खराब भाग काढतेत, तो जाळून टाकायच्या ऐवजी माणूस खुशीनं आम्हाला देतो. आम्ही त्यातल्या पेशी मोकळ्या करून, बशीत घालून, उबेच्या कपाटात वाढवतो. त्यांना औषधं देऊन बघतो, म्हणजे माणसावर प्रयोग करायला नको. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्येला खायला काय घालतीस?" तू म्हणालीस, गुलाबी पाणी असतं, त्यात सगळं असतं, दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, सणावारीसुद्धा. त्यावर त्या जाम खूश झाल्या. दोन दिवसांनी चारापाणी बघायचं, सुट्टी नाही, हे काम त्यांना एकदम कळलं. गावभर सांगत सुटल्या, माझी धनी पुण्यात मेंदू राखती.

नाथाचं ऑपरेशन करायचं तूच सुचवलंस, आणि ह्यासाठीसुद्धा तू स्वतःला खातेस ते मला माहीत आहे. पण गोळ्या लागू पडत नव्हत्या, हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं. दवाखान्यात तो तुकडा दान करायचा कागद आला तेव्हा तू खोलीतसुद्धा आली नाहीस, बाहेर बाकावर बसून राहिलीस, कुणी म्हणायला नको की बहिणीनं सही करायला लावली. तुला आत काय झालं ते कधी नीट सांगितलंच नाही. कागद घेऊन आलेल्या बाईंनी तो वाचायला घेतला तर नाथा म्हणाला, आणा इकडं, मला येतंय वाचायला. सगळा कागद त्यानं मोठ्यानं वाचला, परीक्षेत वाचतात तसा, बोट ठेवून. मग डॉक्टरांना विचारलं, "सायेब, त्या तुकड्याला बी फिट येतीय का?" डॉक्टर हसले, म्हणाले, तेच तर बघायचंय. तेव्हा नाथा म्हणाला, "घ्या की मग. माझ्या काय कामाचा न्हाई, कुनाच्या तरी येऊ द्या." पूर्ण नाव लिहून सही केली. कागदावर लिहिलेलं होतं की नाव कुठं जाणार नाही, नुसता नंबर जाईल. त्या दिवशी तुमच्याकडं एकच तुकडा आला, म्हणून तुला कळलं, आणि मग त्या नंबराला तू दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. हेसुद्धा नियमात बसत नसेल. मी कुणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी तो गेला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, एकही फिट आली नव्हती, सकाळी त्यानं चहा मागितला होता. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर मी काय बोलू? त्या सगळ्यातलं मला फार थोडं आठवतं. गाडीत तू पुढं बसली होतीस आणि धारूरचा घाट लागला तेव्हा ड्रायव्हरला म्हणालीस, हळू चालवा, त्याला वळणं सोसत नाहीत. हे मात्र आठवतं.

आत्याबाईंनी त्यानंतर चार दिवस तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पाचव्या दिवशी त्यांची मान सरळ राहीना. तू त्यांच्यापुढं ताट घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "आय, नाथाचा एक तुकडा जिता हाय. माझ्याजवळ हाय. मी त्येला रोज बघती." मी दारात उभी होते. आत्याबाईंनी तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग भाकरी मोडली. धना, त्या वेळी तुझ्याजागी मी असते तर मीही तेच बोलले असते. म्हातारी जगली त्या एका वाक्यावर. म्हणून तुला दोष देत नाही. पण त्या वाक्याचं पुढं काय झालं ते तू पुण्याला होतीस म्हणून तुला निम्मंच कळलं, आणि उरलेलं निम्मं मी तुला कधी सांगितलं नाही.

दहाव्याला बायनाबाई आणि वस्तीवरच्या दोघीतिघी बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या. आत्याबाई खाटेवरून उठल्या, भिंतीला धरून दारात आल्या आणि म्हणाल्या, "माजा ल्योक जिता हाय. हिच्या हाताला हात लावायचा न्हाई." बायका आल्या पावली परत गेल्या. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बांगड्या आपल्याला हव्याच होत्या. गावातल्या दोन पोरींनी तर मला शाबासकी दिली, की तुझी सासू सुधारलेली आहे. पण धना, कुंकू लावून फिरायला माझी हरकत नव्हती, हरकत वेगळीच होती. त्यानंतर मला रडायची बंदी झाली. दिवा लावायच्या वेळी मी एकदा डोळ्याला पदर लावला तर आत्याबाई अंगावर धावून आल्या, "जित्या मानसाच्या नावानं रडती व्हय? कावून अवदसा आठवली तुला?" मामांच्या पुढ्यात रडले तर ते काठी घेऊन बाहेर जायचे. माझी आई भेटायला आली आणि तिनं मला जवळ घेऊन हुंदका काढला तर आत्याबाईंनी तिला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. मृत्यूचा दाखला त्यांनी घोंगडीत गुंडाळून कुठंतरी ठेवलाय, अजून सापडलेला नाही. अंगणवाडीत मी गावातल्या सगळ्या बायकांचे फॉर्म भरते. माझा स्वतःचा भरायला घेतला आणि विवाहित की विधवा ह्या रकान्यापाशी पेन थांबला तो थांबलाच. तो फॉर्म अजून कपाटात आहे.

रोज संध्याकाळी फोन. "उठला का? खाल्लं का त्येनं? आज वाढला का?" तू तिकडून सांगायचीस, हो आय, आज पाणी बदललं, आज बशी भरत आली, आज एकीच्या दोन बशा केल्या. एकीच्या दोन झाल्या त्या दिवशी आत्याबाईंनी गूळ वाटला. संस्कृतीनं अंगणवाडीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमचे पप्पा पुण्याला बशीत असतेत. चित्र काढा म्हटलं की ती गुलाबी गोल काढते. बाकीची पोरं आपापले बाप मिशा लावून काढतात. मी तिचं चित्रसुद्धा भिंतीला लावते, कारण नाही लावलं तर ती घरी जाऊन आजीला सांगेल.

मामांचं एक सांगायचं राहिलं. तू मोबाईलवर बशीतला फोटो पाठवला होतास, काळ्यावर पांढऱ्या फांद्याफांद्यांसारखं काहीतरी. आत्याबाईंनी तो देवाजवळ धरला, मग मामांना दाखवला. मामांनी बघितला आणि ते मेंढरांच्या वाडग्याकडं गेले. मी मागून पाणी घेऊन गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हशीचं रेडकू मेलं की त्येच्या कातड्यात भुसा भरून म्हशीपुढं ठेवत्यात. म्हस चाटती नि दूध देती. तसलं हाय पोरी हे. पर म्हशीला कोन सांगनार?" त्यानंतर आजवर त्यांनी हा विषय काढलेला नाही. त्या घरात ते आणि मी असे दोघंच आहोत ज्यांचा नाथा मेलाय, आणि आम्ही एकमेकांशी त्याबद्दल बोलू शकत नाही, कारण सून आणि सासरा असल्या गोष्टी बोलत नाहीत.

आता आषाढातला तो रविवार. आत्याबाईंनी हट्टच धरला होता, की मला लेकराला बघायचंय. तू महिनाभर टाळलंस आणि शेवटी हरलीस. धारूरच्या स्टँडवर पहाटेची एस.टी. धरून आम्ही दोघी आलो. आत्याबाईंनी जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं, जणू मुलगी बघायला निघाल्या होत्या. रविवारी कुणी नसतं म्हणून तू आम्हाला मागच्या दारानं आत नेलंस. केवढी भीत होतीस तू. हात कोपरापर्यंत धुवायला लावलेस, कपाळावरचा भंडारा पुसायला लावलास, टोपी, मास्क, निळे झगे, हातमोजे. आत्याबाई त्या झग्यात इतक्या विचित्र दिसत होत्या की मला हसू आलं, आणि तूही हसलीस. मग तू गंभीर होऊन सांगितलंस, आय, इथं कशालाच हात लावायचा नाही. धुळीचा एक कण जरी बशीत पडला तरी बुरशी धरते आणि सगळ्या पेशी जातात, नुसत्या नाथाच्या नाही, शेजारच्यांच्याही. आत्याबाईंनी मान हलवली. त्यांना मास्कमधून अर्धं ऐकू आलं असेल, नसेल. मला सगळं ऐकू आलं.

तू कपाट उघडलंस, बशी काढलीस, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस आणि पडद्यावर ते दिसलं. आत्याबाई पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्या बशीकडं बघत होत्या. खरं सांगू, मला तिथं काहीच वाटलं नाही. मला वाटलं होतं मी कोसळेन, ओळखेन, काहीतरी होईल. पण तो नाथा नव्हता. नाथाला कान होते मोठे, नाथाच्या अंगाला लोकरीचा वास यायचा, नाथा भाकरीला पापुद्रा धरला नाही तर तोंड वाकडं करायचा. ते गुलाबी पाणी बघून मला एवढंच कळलं की ह्या पाण्यासाठी मी पाच महिने डोळे कोरडे ठेवलेत. तेवढ्यात वॉचमननं दार वाजवलं. तू दचकलीस, आम्हाला खुणेनं गप्प राहायला सांगितलंस आणि त्याला थोपवायला बाहेर गेलीस. पाचेक मिनिटं तरी गेली असतील. तू परत आलीस, बशी कपाटात ठेवलीस, आणि आम्ही निघालो.

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा नशिबानं आत्याबाई दळणाला गेल्या होत्या. पाणी गढूळ झालंय, बशीत कापसासारखे धागे आलेत, नाथाच्या चारही बशा गेल्या, आणि त्याच कपाटातल्या दुसऱ्या सात जणांच्या. आधी गोठवून ठेवलेल्या नळ्या उघडून बघितल्या तर त्यातल्या पेशी जगल्या नाहीत. औषध ओतून सगळं स्वतःच्या हातानं टाकून दिलं, असं तू सांगत होतीस आणि तुझा आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. तू म्हणालीस, वहिनी, मीच मारला. त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते, मोज्यानंच पुसले असतील, हातावर स्पिरिट मारायचं विसरले असेन. आम्ही आलो होतो हे तू मॅडमना सांगितलंच नाहीस, सगळं स्वतःवर घेतलंस. सात माणसांनी विश्वासानं दिलेलं वाया गेलं म्हणून मॅडम तुझ्याशी बोलत नाहीत, हेही नंतर मेसेजमध्ये लिहिलंस. आणि मला गळ घातलीस, की आयला सांगू नको, ती खायचं सोडेल. मी सांगितलेलं नाही. तीन आठवडे झाले, अजूनही रोज तुझा आवाज स्पीकरवर येतो, हो आय, बरा आहे. मी शेजारी बसून भाजी निवडते.

धना, तुझ्या हातून काही झालेलं नाही. तू बाहेर होतीस तेव्हा आत्याबाईंनी झग्याखाली हात घालून कमरेची पिशवी सोडली. त्यात बिरोबाचा भंडारा होता, खास त्याच्यासाठी आदल्या दिवशी देवळातून आणलेला. त्यांनी चिमूट घेतली, भांड्यावरची झाकणी उचलावी तसं दोन बोटांनी बशीचं झाकण उचललं, आणि आत भंडारा टाकला. लेकराच्या कपाळाला लावतात तसा, तोंडानं नाव घेत. झाकण परत ठेवलं. पिशवी परत खोचली. एवढंच झालं. हे त्यांना कधीही कळता कामा नये, तू जन्मात त्यांना सांगणार नाहीस, तुझ्या भावाची शपथ. त्यांनी आपल्या हातानं त्याला आशीर्वाद दिला असं त्यांना वाटतंय, आणि तसंच वाटत राहू दे.

आता जे तोंडानं मला कधी जमलं नसतं ते लिहिते, आणि ह्यासाठीच हे पत्र आहे. मी टेबलाच्या ह्या बाजूला होते. माझा हात त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता. त्यांनी पिशवी सोडली तेव्हाच मला कळलं होतं काय होणार आहे. आत्याबाई, थांबा, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. आठ वर्षं पडायच्या आत ज्याला धरला, त्याच्यासाठी मी हात पुढं केला नाही. का केला नाही ते मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. दुसऱ्या सात जणांचा तर त्या क्षणी विचारसुद्धा आला नाही, त्याचं पाप कुठं फेडू ते सांग. हे पत्र मॅडमना दाखव. माझं नाव सांग, गाव सांग, बोलावलं तर येईन. तू मात्र तो कागद देऊ नकोस. परतीच्या एस.टी.त आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी पुण्याबाहेर पडली आणि मला रडू फुटलं, पाच महिन्यांचं, आवाज काढून, सगळी गाडी बघत होती. आत्याबाईंना वाटलं, नवऱ्याची भेट झाली म्हणून रडते. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत मला रडू दिलं.

ठेवून घेशील तर अजून तुझीच,
उज्ज्वला